डुलकीला मार्क किती?

हल्ली काही कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत साखर, रक्तदाब झाला की एक छोटा फॉर्म हातात देतात. आठ प्रसंग दिलेले असतात. बसून वाचताना, टीव्ही बघताना, सभेत किंवा नाटकाला नुसतं बसलेलं असताना, गाडीत तासभर मागे बसून जाताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, ट्रॅफिकमध्ये गाडी थांबल्यावर. प्रत्येक वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती, ते ० ते ३ मध्ये लिहायचं. बेरीज २४ पैकी. १० पर्यंत ठीक, त्यापुढे गेली तर दिवसा झोप जास्त येते असं धरतात. हा एपवर्थ स्केल. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या डॉ. मरे जॉन्स यांनी बनवला, १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आज जगभर चालतो.

फॉर्म टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पण त्यावर उतरतं ते माणसाचं स्वतःबद्दलचं मत, आणि झोपेच्या बाबतीत हे मत फार कच्चं असतं.

आमच्याच घरातलं सांगते. नवऱ्याने भरला, बेरीज ६. तोच फॉर्म मी त्याच्याबद्दल भरला, १४! 'कुणाशी बोलताना' पुढे साहेबांनी ठणठणीत शून्य लिहिलेलं. हा माणूस आईशी फोनवर बोलता बोलता घोरायला लागतो. विचारलं तर, "अगं, डोळे मिटून ऐकत होतो." सिग्नललाही शून्यच, कारण म्हणे मागचे हॉर्न वाजवून उठवतातच.

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर अडचण आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही निरोगी लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष दिवसागणिक ढळत गेलं, चुका वाढत गेल्या. पण 'किती झोप येतेय' याचं त्यांचं स्वतःचं उत्तर सुरुवातीला थोडं वाढून मग जवळपास तिथेच थांबलं. पेंग अंगवळणी पडली की ती पेंग वाटेनाशी होते. अशा माणसाच्या हातात पेन देऊन काय कळणार?

भरवशाबद्दल बोलताना एक आकडा हमखास पुढे करतात. जॉन्स यांनीच वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाच महिन्यांनी पुन्हा फॉर्म दिला, तेव्हा दोन्ही वेळच्या उत्तरांचा सहसंबंध ०.८२ आला (१ म्हणजे तंतोतंत जुळणं). उत्तमच. पण ती धडधाकट पोरं. पुढे झोपेच्या दवाखान्यात आलेल्या रुग्णांना उपचार सुरू होण्याआधीच दोनदा फॉर्म दिला, तर साधारण पाचातल्या एकाची बेरीज पाच किंवा त्याहून जास्त गुणांनी हललेली. म्हणजे आज ८, पुढच्या खेपेला १३. मोठ्या गटाची सरासरी काढायला हे खपून जाईल. एकट्या माणसाला "तुम्ही नॉर्मल" असं सांगायला नाही.

प्रयोगशाळेत दुसरी चाचणी असते. दिवसभरात दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत आडवं करतात आणि डोक्याला वायरी लावून किती मिनिटांत झोप लागते ते बघतात. तिची मिनिटं आणि एपवर्थची बेरीज यांचा मेळ बऱ्याच अभ्यासांत जेमतेमच बसला. (ती चाचणी तरी काय, 'झोपा बघू' म्हटल्यावर डोळा लागणं आणि कामाच्या वेळी पेंग येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.)

शिवाय गाडीचे प्रश्न. लोकलमध्ये उभ्याउभ्या झोपणाऱ्याने तिथे काय लिहायचं? पेरूमध्ये गाडी न चालवणाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती केली गेली, आपल्याकडे हिंदीतही फेरफार करून तपासलेली आहे. पण तपासणी शिबिरात मूळ फॉर्मचं घाईघाईत केलेलं भाषांतरच हातात पडतं.

सगळ्यात मोठा घोळ ड्रायव्हर लोकांचा. रात्रीची गाडी घेऊन जाणाऱ्याला मालकासमोर विचारायचं की बाबा, तुला पेंग येते का? पोटावर पाय येणार असेल तर कोण ३ लिहील? तिथे हा फॉर्म पुढे करणं म्हणजे कागद रंगवणं. त्यापेक्षा घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. श्वास अडकण्याचा अंदाज घ्यायला मानेचा घेर मोजा, रक्तदाब बघा, आणि संशय आला तर रात्रीची झोपेची तपासणी करा. ती मालकाच्या खर्चाने आणि त्या दिवसाचा पगार न कापता. बाकीच्यांच्या फॉर्मलाही एक रकाना वाढवा: शेजारी झोपणाऱ्याचं मत.