मातीपेक्षा निचऱ्याचा प्रश्न मोठा

मंगळावरच्या वसाहतीचे अन्न तिथल्याच मातीत पिकवता येईल, असे तुम्ही प्रसिद्ध केलेल्या मंगळावरील लेखात म्हटले आहे. परंतु २००८ मध्ये नासाच्या फिनिक्स यानाला त्या मातीत आढळलेल्या परक्लोरेट या विषारी क्षारांचा उल्लेख नाही, ही उणीव मला गंभीर वाटते. हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे माती धुता येईल. पण ते पाणी जाणार कुठे? आमच्या वाळवा-मिरज भागात अतिपाण्याने क्षारपड झालेली उसाची जमीन सुधारताना जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारे पाणी ओढ्याला सोडता येते. मंगळावर मात्र प्रत्येक थेंब शुद्ध करून पुन्हा वापरावा लागेल. म्हणून सुरुवातीला, मंगळाकडे यान पाठवण्याची संधी साधारण २६ महिन्यांनीच येते, हा हिशेब धरून धान्य पृथ्वीवरूनच न्यावे आणि तिथे मातीविना, पोषकद्रव्यांच्या पाण्यावर फक्त पालेभाज्या घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.