मेलोफोन पाहिजे

हल्ली चार अक्षरं टाइप केली की जगातलं कुठलंही संगीत पुढ्यात येतं, असं ज्याला मानायचं असेल त्याने बिग बँड जॅझमधला, म्हणजे पंधरा-वीस वादकांच्या जॅझ ताफ्यातला, मेलोफोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य शोधायच्या फंदात पडू नये. शोध घेतला की पहिल्यांदा दिसतात तुरेवाल्या टोप्या घालून फुटबॉलच्या मैदानावर कवायत करणारी अमेरिकन कॉलेजची पोरं. त्याखाली विकायला काढलेली, पोचे आलेली जुनी वाद्यं. त्याखाली व्हॉल्व्हला, म्हणजे सूर बदलायच्या कळांना, तेल कधी घालावं याचा सल्ला. तेलापर्यंत पोचलो तरी जॅझचा पत्ता नाही.

यात शोधयंत्राची चूक नाही. मेलोफोन नांदतो तो मार्चिंग बँडमध्येच. बिग बँडमध्ये तो चार दिवस माहेरपणाला आल्यासारखा येऊन गेला, आणि ते चार दिवस नेमके कधीचे हे ठाऊक नसेल तर जन्मभर शोधत बसावं लागतं. तेव्हा वाद्याच्या नावाने न शोधता सालाने शोधा: १९६० ते १९६३. बँडलीडर स्टॅन केंटन. रेकॉर्ड कंपनी कॅपिटॉल.

केंटनला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांच्या मधली जागा रिकामी वाटत होती. पाच ट्रम्पेट वर कडाडताहेत, खाली ट्रॉम्बोन घुमताहेत, तरी गड्याला मध्ये पोकळी ऐकू येत होती! ती भरायला त्याने १९६० मध्ये एक-दोन नव्हे, चार मेलोफोनिअम बसवले. मेलोफोनिअम म्हणजे कॉन कंपनीने सरळ करून काढलेला मेलोफोन. जुना मेलोफोन फ्रेंच हॉर्नसारखा गोल वेटोळ्याचा आणि बेल, म्हणजे कर्ण्यासारखं तोंड, मागे वळलेला. याची बेल थेट श्रोत्यांच्या तोंडावर. यादी चाळणाऱ्याला याचा ताप असा, की नोंदींमध्ये मेलोफोन एका खात्यात आणि मेलोफोनिअम दुसऱ्या. एकच नाव टाकलंत तर अर्धा माल हाती लागतो, आणि केंटन नेमका उरलेल्या अर्ध्यात असतो.

वादकांची यादी मिळाली तर ती लघुरूपात असते. 'टीपी' म्हणजे ट्रम्पेट, 'एमईएल' म्हणजे आपलं गिऱ्हाईक. 'टीबी' वाचून घाबरू नये, तो ट्रॉम्बोन. स्ट्रीमिंगवर मात्र ही यादी बहुधा नसतेच, आणि सालाचाही भरवसा नाही: पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं साल पुढे येतं आणि १९६१ चं ध्वनिमुद्रण या शतकातलं होऊन बसतं. म्हणून वादकांची नावं टिपून ठेवावीत. जीन रोलंड, ड्वाइट कार्व्हर, कीथ लामॉट, रे स्टार्लिंग, कार्ल सॉन्डर्स. यांतली दोन नावं एका यादीत दिसली की समजावं, पत्ता बरोबर आहे.

आता ऐकायचं काय? माझं सांगणं, सुरुवात 'द रोमँटिक अप्रोच'पासून करा. संथ प्रेमगीतं, मांडणी खुद्द केंटनची, आणि मेलोफोनिअम मागे न दडता पुढे येऊन चाल गातात. कान तयार होतो तो इथे. त्याच वर्षी, म्हणजे १९६१ मध्ये, जॉनी रिचर्ड्सच्या मांडणीतलं 'केंटन्स वेस्ट साइड स्टोरी' मुद्रित झालं. त्याला ग्रॅमी मिळालं, पुढल्या वर्षी 'अ‍ॅडव्हेंचर्स इन जॅझ'लाही. या दुसऱ्यात बिल होलमनने मांडलेलं 'मालागेन्या' आहे. ते रात्री अकरानंतर स्पीकरवर लावू नये, सोसायटीची मीटिंग बोलावली जाते. एकल वादन हवं असेल तर 'अ‍ॅडव्हेंचर्स इन ब्लूज': रचना रोलंडच्या आणि मेलोफोनिअमही त्याच्याच हातात. मोजायची हौस असलेल्यांसाठी रिचर्ड्सचंच 'अ‍ॅडव्हेंचर्स इन टाइम' आहे. त्यात एक रचना पाच मात्रांची, एक सात मात्रांची. पाय ठोकत ऐकणाऱ्याची फजिती ठरलेली. जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्यांनी क्रमांक पाठ करावेत: वेस्ट साइड १६०९, जॅझ १७९६, टाइम १८४४. क्रमांकाआधी 'टी' असेल तर मोनो, 'एसटी' असेल तर स्टिरिओ. स्टिरिओच घ्या. इतकी पितळ एकाच वाटेने कानात शिरली की मधले चौघे चेंगरतात.

खरा छळ फ्रेंच हॉर्नचा. जॅझमध्ये मऊ, धुकट पितळी आवाज आला की कुणीतरी जाणकार बोट उचलून 'मेलोफोन!' म्हणतो. क्लॉड थॉर्नहिलच्या बँडमध्ये होते ते फ्रेंच हॉर्न. माइल्स डेव्हिसच्या 'बर्थ ऑफ द कूल'मध्येही फ्रेंच हॉर्नच. केंटनचाही आंधळेपणाने भरवसा धरू नये. १९५६ च्या 'क्यूबन फायर!'मध्ये फ्रेंच हॉर्न आहेत, पण पुढे निघालेल्या सीडीत शेवटी ज्या जास्तीच्या रचना जोडल्या, त्या १९६० च्या, म्हणजे मेलोफोनिअमच्या. एकाच चकतीवर दोन्ही! आणि १९६५ च्या सुमारास त्याने निओफोनिक ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हा स्वारी पुन्हा फ्रेंच हॉर्नकडे वळली होती.

फोटो असेल तर वाद एका मिनिटात मिटतो. व्हॉल्व्हवर कुठला हात आहे ते पाहा. डावा असेल तर फ्रेंच हॉर्न, उजवा असेल तर मेलोफोन. फ्रेंच हॉर्नवाल्याचा उजवा हात बेलमध्ये खुपसलेला असतो. मेलोफोनला तीन पिस्टन आणि बोटं ट्रम्पेटचीच, म्हणून केंटनने ते ट्रम्पेटवाल्यांच्या गळ्यात मारले. फोटो नसेल तर कानांना कामाला लावावं. एफ पट्टीच्या फ्रेंच हॉर्नची नळी सुमारे बारा फूट, मेलोफोनची त्याच्या निम्मी. बारा फुटांत वरचे सूर एकमेकांना खेटून असतात, म्हणून हॉर्नवाला जपून सूर धरतो, कधी निसटतोही. मेलोफोनवाला ठोक मारून मोकळा होतो. त्यातून हॉर्नचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून येतो, मेलोफोनिअमचा थेट नाकावर. ट्रॉम्बोन वरच्या सुरांत गेला की मात्र भले भले फसतात. तिथे सुरांचा सांधा ऐका: ट्रॉम्बोनची नळी सरकती, तो घसरत जाऊ शकतो, मेलोफोनिअम पायरीवरून उतरतो. आणि हे सगळं हेडफोनवर. फोनच्या स्पीकरवर ट्रम्पेट तेवढे किंचाळतात.

कुठे कुठे सूर किंचित हललेला वाटला तर हेडफोन बदलायला धावू नका. मेलोफोनिअम सुरात ठेवणं हे मोठंच दुखणं होतं. फ्रेंच हॉर्नचं माउथपीस जोडनळी घालून लावलं तर सूर इकडेतिकडे होतो. ट्रम्पेटच्या धाटणीचं लावलं तर आवाजच ट्रम्पेटकडे झुकतो, मग एवढा खटाटोप केला कशाला? शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या व्हॉल्व्हची जोडी एकदम दाबली की सूर चढतो, हे तीन व्हॉल्व्हच्या वाद्यांचं जुनंच रडगाणं; इथे ते चार जण एकदम गातात. बँडमधले इतर वादक या चौकडीवर खूश नव्हते. मला ती हलकी थरथर आवडते, पण हे ट्रम्पेटवाल्यांसमोर बोलू नये.

केंटनच्या बाहेर फार काही हाती लागत नाही. डडली फॉस्डिक १९२० च्या दशकात रेड निकल्सबरोबर मेलोफोनवर सोलो घेत असे, पण तो मामला छोट्या ताफ्याचा. डॉन एलियट हा व्हायब्राफोनवाला (धातूच्या पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवायचं ते वाद्य) १९५० च्या दशकात मेलोफोन फार सुरेख वाजवायचा. पॉल डेस्मंडबरोबरचं त्याचं वादन जरूर ऐका, फक्त तिथे बिग बँड शोधू नका. ख्रिसमसची गाणी सोसत असतील तर केंटनचं 'अ मेरी ख्रिसमस!' डिसेंबरमध्ये लावता येतं. एवढं सगळं ऐकूनही भूक भागली नाही तर १९६२ चं 'स्टॅन केंटन! टेक्स रिटर!' आहे. त्यात हॅटवाला काउबॉय गायक आपली गावरान गाणी भारदस्त आवाजात गातो आणि त्याच्या मागे तेच चार मेलोफोनिअम अत्यंत गंभीरपणे वाजतात. हे मात्र घरात कुणी नसताना ऐकावं.