‘दोन वर्षांत काही झालं नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

हीट पंपाच्या, म्हणजे हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या, जोडणीवरच्या माझ्या लेखाखाली दापोलीच्या एका वाचकांनी लिहिलंय : ‘उगाच भीती घालता. आमच्या होमस्टेत प्लंबरने अर्ध्या दिवसात हीट पंप जोडला. रिलीफ व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायचं, तिथे प्लग मारला. दोन वर्षांत काही झालं नाही. पुस्तकी ज्ञान पाजळू नका.’ (रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे टाकीत प्रेशर वाढलं की पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह.) पुढे सोलर, अर्थिंग आणि खर्चावरही बरंच आहे.

साहेब, मतभेद असू देत, पण ‘पुस्तकी’ हा शब्द मला लागला. रत्नागिरीच्या आयटीआयला वायरमनचा ट्रेड करून उमेदीची वर्षं मी मुंबईत हॉटेलांच्या बॉयलर रूममध्ये काढली. रात्रपाळीला प्रेशर गेजवर डोळे लावून बसलोय. लेख पटला नाही तर तसं म्हणा, माणसाची लायकी काढायची ही कुठली रीत?

सोलरचं मान्य. पावसाळा सोडला तर आपल्याकडे सोलर पुरतो.

आता तो प्लग, म्हणजे व्हॉल्व्हच्या तोंडाला मारलेलं बूच. पाणी तापलं की फुगतं. 300 लिटरच्या टाकीतलं पाणी 25 अंशांवरून 60 वर नेलं की साधारण 4 लिटर जास्तीचं होतं. गच्चीवरच्या टाकीतून नुसतं उतारानं पाणी यायचं तेव्हा ते मागे सरकायचं, नाहीतर व्हेंट पाइपातून वर चढायचं. आता शॉवरला जोर हवा म्हणून प्रेशर पंप येतो, थंड पाण्याच्या लाइनला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसतो आणि मागची वाट बंद होते. उरतो रिलीफ व्हॉल्व्ह. पाणी तापताना तो ठिबकतो, ते त्याचं कामच आहे! ठिबक नको तर एक्स्पान्शन टँक, म्हणजे फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी, बसवा. सतत वाहत असेल तर पंपाचं प्रेशर तपासा, व्हॉल्व्ह बदला. प्लग कसला मारता?

हीट पंप साठ अंशांच्या आसपास आपोआप थांबतो, हे मलाही माहीत आहे. पण बऱ्याच टाक्यांत बॅकअपची विजेची कॉइल असते. थर्मोस्टॅटचे काँटॅक्ट चिकटले की ती तापतच राहते. बंद टाकीत प्रेशरखालचं पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची एका झटक्यात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. असा प्लग मारलेली टाकी मी आमच्या गुहागरकडे पाहिलीय. तळ कढईसारखा बाहेर आलेला, वेल्डिंगच्या शिवणीवर गंजाची ओली रेघ. तिचे मालकही ‘काही झालं नाही’ असंच म्हणत होते. भिंतीपलीकडे पाहुण्यांची पोरं झोपतात हो!

अर्थिंगवर वाद घालत बसत नाही. मे महिन्यात जांभा कोरडा पडतो तेव्हा मोजून घ्या, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. खर्चाचं तुमचं तुम्ही बघा.

प्लग मात्र काढाच. विजेचा मेन बंद करा, टाकी पूर्ण थंड होऊ द्या, थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे प्रेशर उतरेल. मग नवा व्हॉल्व्ह बसवून घ्या, आणि त्याचं पाणी खाली, उघड्यावर सोडणारा पाइपही. त्या पाइपाला कॉक लावू देऊ नका, प्लंबर कितीही म्हणाला तरी.