आधी मे महिन्याचं बघा

शाळा पर्यावरणपूरक कशी करावी, यावरच्या लेखात सौर पॅनल आणि वृक्षारोपणावर भर आहे. पॅनल बसले तर चांगलंच, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत खरी अडचण मे महिन्याची असते. जुलैत वनमहोत्सवाला रोपं लावायची, फोटो काढायचे, आणि सुट्टीत पाणी कोण घालणार हे कुणी ठरवतच नाही. शाळा उघडते तेव्हा नुसती आळी उरलेली! त्यापेक्षा मोजकीच लावा, पण करंज, कडुलिंब, बहावा अशी आपल्याकडची. (गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तरी जिकडेतिकडे तोच का, देव जाणे.) सुट्टीतल्या पाण्याच्या पाळ्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतच लिहून घ्या.

दुसरं, पोषण आहाराच्या वेळी हात-ताटं धुतलेलं पाणी सरळ गटारात जातं. चर काढून ते परसबागेत वळवलं तर केळी, शेवगा तगतात. भांड्यांच्या पावडरीचं पाणी पालेभाजीला मात्र नको. उरलेली खिचडी खताच्या खड्ड्यात टाकली की वर कोरडा पाला पसरा, नाहीतर वास आणि उंदीर ठरलेले. आणि मैदान झाडून पाचोळ्याला काडी लावायची सवय आधी मोडा. वर्गात धूर भरतो तो वेगळाच.