मनगटावरचा फोनही फोनच: नेरूळच्या वाचकांना उत्तर

गेल्या लेखात मी लिहिलं होतं की गाडी चालवताना स्मार्टवॉच आणि स्मार्ट चष्म्याला मोबाईलचाच नियम लावावा. गाडी चालू असताना मेसेज, फोन, व्हिडिओ यातलं काहीही ड्रायव्हरसमोर यायला नको. त्यावर नेरूळच्या एका वाचकांनी चांगलीच झणझणीत प्रतिक्रिया दिली. ती थोडक्यात अशी:

"ताई, आता घड्याळात बघायलाही परवानगी घ्यायची का? स्पीडोमीटर बघायला लागतो तेवढाच वेळ लागतो. उलट घड्याळामुळे खिशातून फोन काढावा लागत नाही. मला मधुमेह आहे, दंडावर सेन्सर आहे, साखर उतरली की घड्याळ थरथरतं. तुमच्या नियमाने ते काढून ठेवू का? सरकारी आकड्यांतही मोबाईलमुळे गेलेले लोक एक टक्क्याच्या आत आहेत. घोडबंदरला माणसं खड्ड्यांनी आणि कंटेनरांनी मरतात, घड्याळाने नाही. स्वतः कधी स्टिअरिंग धरलंय का, की रिक्षात बसून लिहिता?"

दादा, शेवटून सुरुवात करते. धरलंय. माजिवड्याहून महाप्याला कामाला जाते, कळवा-विटावा मार्गे, आणि पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की मुलुंड-ऐरोली पुलावरून. रिक्षात बसूनही लिहिते, त्यात कमीपणा काही नाही.

खड्ड्यांचं आणि कंटेनरांचं म्हणाल तर वाद कसला? गायमुखच्या घाटात पावसाळ्यात काय हाल होतात ते ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. पण खड्डा चुकवायचा तर तो आधी दिसावा लागतो. रस्ता वाईट असेल तिथे मनगटाकडे बघायची चैन आणखी महाग पडते, त्यामुळे तुमचं हे उदाहरण खरं तर माझ्याच बाजूचं आहे.

आता आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2021 मध्ये देशात अपघातात 1,53,972 माणसं गेली, त्यातली मोबाईलच्या वापरामुळे 1,040. म्हणजे एक टक्क्याहून कमी, तुमचं गणित बरोबर आहे. पण हा आकडा तयार कसा होतो ते बघा. अपघात झाला की पोलीस कारण नोंदवतात. भरधाव वेग, उलट्या बाजूने गाडी, दारू, सिग्नल तोडणं, मोबाईल, आणि मग 'इतर'. टक्कर झाल्यावर फोन सीटखाली पडलेला असतो किंवा खिशात गेलेला असतो. "साहेब, मी व्हॉट्सअॅप वाचत होतो" असं स्वतःहून कोण सांगणार? ऐंशीच्या वेगात मेसेज वाचणाऱ्याची नोंद बहुतेक वेळा वेगाच्याच खात्यात जाते. आणि घड्याळाला तर रकानाच नाही. मोजलंच गेलं नाही त्याला 'नगण्य' कसं म्हणायचं?

तुमचा खरा मुद्दा स्पीडोमीटरचा आहे. त्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय.

स्पीडोमीटर तुम्ही बघता तुमच्या सवडीने. पुढची गाडी लांब आहे, रस्ता सरळ आहे, अशा वेळी नजर खाली जाते, काटा बघते, परत येते. काटा तुम्हाला हाक मारत नाही. घड्याळ मारतं. वाशीहून बेलापूरकडे पामबीचने जाताना मोराज सर्कलच्या सिग्नलला पुढचा ब्रेक दाबतोय की नाही, हे बघायच्या नेमक्या क्षणी मनगट थरथरू शकतं. वेळ कोणी निवडली, हा फरक आहे. सेकंद किती लागले हे त्याच्यानंतर.

सेकंदांचंही बघू. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने 2013 मध्ये गाडीतल्या स्क्रीनसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एका वेळी नजर रस्त्यावरून हटावी ती 2 सेकंदांपेक्षा कमी, आणि एक काम पुरं करायला सगळ्या नजरा मिळून 12 सेकंदांच्या आत. हे डॅशबोर्डवर पक्क्या बसवलेल्या, मोठ्या अक्षरांच्या स्क्रीनसाठी आहे. ताशी 80 च्या वेगात 2 सेकंद म्हणजे 44 मीटर. आता घड्याळ बघा. आपल्याकडे ते बहुतेकांच्या डाव्या हातावर, आणि आपल्या गाडीत डावा हात गिअरवर. ते वाचायचं तर हात उचलायचा, मनगट वळवायचं, स्क्रीन उजळेपर्यंत थांबायचं, पावसाळी जॅकेट असेल तर बाही मागे सारायची. बाईकवर तोच हात क्लचवर. एवढं करून दिसतात दोन ओळी. "बाबांना दवाखान्यात नेलं आहे, काळजी…" आणि पुढे टिंबं. आता सांगा, ती टिंबं सोडून कोण पुढे गाडी चालवेल? मग फोन निघतोच. काळजी करू नकोस, नेहमीची तपासणी आहे, हे वाक्याच्या उरलेल्या भागात असतं. घड्याळामुळे फोन काढावा लागत नाही हे तुमचं म्हणणं 'ओके, निघालो' अशा मेसेजपुरतं खरं असेल. बाकीच्यांच्या बाबतीत घड्याळ फोनची जाहिरात करतं.

"मग बोलून उत्तर देतो, नजर रस्त्यावरच" असं एका दुसऱ्या वाचकांनी लिहिलंय, त्यांनाही इथेच सांगते. यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या वाहनचालक संघटनेच्या प्रतिष्ठानसाठी केलेल्या चाचण्यांचा निष्कर्ष 2015 मध्ये आला: आवाजी हुकूम देऊन गाणं बदललं किंवा मेसेज पाठवला तर काम संपल्यावरही मन पूर्ण रस्त्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत लागू शकतात. ताशी 40 नेही 27 सेकंदांत गाडी 300 मीटर जाते. ठाणे-बेलापूर रोडवर तेवढ्यात एखादी एनएमएमटीची बस थांब्यावरून बाहेर येते, दोघं रस्ता ओलांडतात आणि एक रिक्षा कुठूनही कुठेही वळते.

चष्म्याबाबत तुम्ही काही लिहिलं नाही, पण तोच जास्त फसवा आहे म्हणून थोडं. मेटाचे रेबॅन चष्मे 2025 पासून आपल्याकडेही मिळतात. त्या चष्म्यांत स्क्रीन नाही, कॅमेरा आणि आवाज आहे. पण काचेवर अक्षरं दाखवणारे चष्मे जगात आहेतच, आणि त्यांचे विक्रेते म्हणतात की मान खाली घालायला नको, सगळं समोरच दिसतं, म्हणून ते सुरक्षित. यावर विमानवाल्यांचा अनुभव जुना आहे. 1980 च्या सुमारास नासाच्या एम्स केंद्रात सिम्युलेटरवर एक प्रयोग झाला. वैमानिकांच्या समोरच्या काचेवर वेग, उंची वगैरे आकडे उमटत होते आणि धावपट्टीवर मुद्दाम दुसरं विमान आडवं आणलं होतं. काही वैमानिकांना ते दिसलंच नाही. अनुभवी माणसं, डोळे उघडे, तोंड धावपट्टीकडे. लक्ष आकड्यांवर. हे नीट समजलं की 'नजर रस्त्यावर आहे ना' या बचावाला फारसा अर्थ उरत नाही.

आता तुमचा सेन्सर. तो मुद्दा मी बाजूला सारणार नाही, कारण तुमच्या प्रतिक्रियेतली सगळ्यात वजनदार गोष्ट तीच आहे. दंडावरच्या सेन्सरची बारीक तार कातडीखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजते. रक्तातल्या साखरेपेक्षा तो आकडा थोडा मागे असतो, पण उतरण कुठल्या दिशेला आहे ते कळतं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर स्टिअरिंगवर 70 च्या खाली गेली तर हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं, आणि माणसाला स्वतःला ते शेवटी कळतं. अशा माणसाला घड्याळ काढून ठेव म्हणणं मूर्खपणा आहे.

पण ब्रिटनने यातून काय वाट काढली ते बघा. तिथल्या परवाना खात्याने 2019 पासून खासगी गाडी आणि मोटरसायकल चालवणाऱ्यांना बोटातून रक्त काढण्याऐवजी असा सेन्सर वापरायची मुभा दिली. गाडी काढण्याआधी साखर तपासायची, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी तपासायची. 5 मिलिमोल, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण 90 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं. उतरलीच तर गाडी थांबवायची, गोड खायचं, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही 45 मिनिटं चालवायची नाही. आणि आता महत्त्वाचं: आकडा बघायचा तर गाडी सुरक्षित जागी उभी करूनच. सेन्सर अंगावर चालेल, चालत्या गाडीत त्याकडे बघणं चालणार नाही.

माझं म्हणणं याच्यापेक्षा वेगळं नाही. उपकरण हातात आहे, मनगटावर आहे की नाकावर, याला महत्त्व नको. ते गुपचूप मोजत असेल आणि जिवावर बेतल्याशिवाय तोंड उघडत नसेल, तर राहू दे. ठोकर बसली हे ओळखून घरच्यांना कळवणारं घड्याळ राहू दे. रात्री उरणहून कंटेनर घेऊन निघालेल्या ड्रायव्हरने कानामागे लावलेलं, मान कलली की वाजणारं यंत्र राहू दे, त्याने निदान नको तेव्हा उठवलं तर बिघडत नाही. ऐकू न येणाऱ्यांना परवान्याचा मार्ग दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्ये मोकळा केला. अशा माणसाला पुढचं वळण मनगटावरच्या थरथरीने कळत असेल तर त्याला मोबाईलचा नियम लावून काय मिळवणार? पण ज्याला वाचावं लागतं, उत्तर द्यावं लागतं, ते गाडी थांबेपर्यंत बंद.

आपला कायदा यावर अर्धवट बोलतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये हातात धरून वापरायच्या संपर्क उपकरणांचा वापर धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरला गेला. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. 2020 मध्ये नियमांत एवढी सूट आली की रस्ता शोधण्यापुरतं असं उपकरण वापरता येईल, लक्ष विचलित न होता. मनगटावर बांधलेलं घड्याळ यात धरायचं का? कागदावर उत्तर नाही. उद्या कापूरबावडीला कुणाला अडवलं तर वकील पहिला प्रश्न हाच काढेल.

आणि सिद्ध कसं करणार, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. सॅन डिएगोमध्ये 2013 साली गुगल ग्लास घालून गाडी चालवणाऱ्या एका बाईला पोलिसांनी पकडलं. 2014 मध्ये ती सुटली, कारण चष्मा चालू होता हे कुणी दाखवू शकलं नाही. कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये 2018 साली उलटं झालं. सिग्नलला उभी असलेली एक विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघतेय, प्रकाश उजळतोय, हे पोलिसाने पाहिलं. ती म्हणाली, मी वेळ बघत होते. न्यायालयाने ऐकलं नाही, 400 डॉलर दंड कायम. माजिवड्याच्या हवालदाराला पावसात, धुरात, चार बाजूंच्या हॉर्नमध्ये एवढं निरखता येईल अशी माझी अपेक्षा नाही. म्हणून मला दंडापेक्षा यंत्र स्वतःच गप्प बसण्यावर जास्त भरवसा वाटतो.

त्यातही अडचण आहेच. आयफोनमध्ये 2017 पासून गाडी चालवताना नोटिफिकेशन थांबवायची सोय आहे, पण 'मी गाडी चालवत नाही' म्हटलं की सगळं पुन्हा सुरू. ती पळवाट ठेवावीच लागते. ठाणे-वाशी लोकल ठाणे-बेलापूर रोडला लागूनच धावते, फोनला कसं कळावं की तुम्ही स्टिअरिंगवर आहात की खिडकीशी बसला आहात? पण गाडीच्या ब्लूटूथला जोडलेल्या फोनने तरी, गाडी हलत असेपर्यंत, घड्याळाकडे मेसेज पाठवू नये, एवढं कंपन्यांवर बंधन घालता येईल. डिलिव्हरीची मुलं मात्र यात भरडली जातील. त्यांचं पोटच ऑर्डरच्या त्या 'टिंग'वर चालतं. त्यांना दंड करण्याआधी, चालत्या बाईकवर ऑर्डर पाठवणाऱ्या अॅपला करा. तीन हात नाक्यावर भर पावसात एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने स्क्रीन पुसणारा पोरगा हौसेने ते करत नाही.

तेव्हा दादा, घड्याळ काढू नका. निघण्याआधी आकडा बघा, ग्लुकोजची बिस्किटं डॅशबोर्डवर हाताशी ठेवा, आणि सेन्सरचा अलार्म सोडून घड्याळावरचं बाकी सगळं बंद करा, सोसायटीचा ग्रुप सगळ्यात आधी. अलार्म थरथरीवर न ठेवता आवाजावर ठेवा, म्हणजे मनगट वळवायचा मोह होणार नाही. तो घणसोलीच्या उड्डाणपुलावर वाजला तर तिथे थांबायला जागा नाही. बिस्कीट तोंडात टाका, डावी लेन धरा आणि पूल उतरला की सर्व्हिस रोडला गाडी लावून मग आकडा बघा. सिग्नलला उभं असताना बघायची सवलत तुम्ही मागाल, ती मी देणार नाही, आणि त्यावर आपलं भांडण चालू राहील असं दिसतंय.