कॉर्व्हेटचे हेडलाइट: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक सल्ला फार फिरतो. १९६८ ते १९८२ च्या कॉर्व्हेटचे (शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार) लपणारे हेडलाइट वर येईनासे झाले, की दोन्ही ॲक्च्युएटर, म्हणजे दिवा वर-खाली करणारे व्हॅक्यूमचे डबे, बदला; तरी भागलं नाही तर व्हॅक्यूमचा, म्हणजे हवा ओढून दिवे हलवण्याचा, पसारा काढून विजेच्या मोटरी बसवा, कारण ही यंत्रणा मुळातच बेभरवशाची. मला हे पटत नाही.

‘दोन्ही ॲक्च्युएटर बदला.’ का? ॲक्च्युएटर हा रांगेतला शेवटचा गडी. इंजिनच्या मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम चेक व्हॉल्व्हमधून, म्हणजे एकाच दिशेने हवा जाऊ देणाऱ्या झडपेतून, टाकीत साठतो, पुढे स्विच, रिले (व्हॅक्यूम दिव्याकडे वळवणारी झडप) आणि मग ॲक्च्युएटर. वाटेत कुठेही गळती झाली, तरी आळ येतो शेवटच्यावर. प्रत्येक दिव्याचा रिले वेगळा असतो. त्यामुळे एकच दिवा अडला तर दोष त्याच बाजूला शोधायचा. दोन्ही अडले तर मागे, टाकीकडे आणि स्विचकडे. स्टिअरिंगखाली हाताने चालवायचा एक जादा स्विच असतो. त्याने दिवे उठतात, पण नेहमीच्या स्विचने उठत नाहीत? मग चोर डॅशबोर्डातच आहे, बॉनेटखाली कशाला हात काळे करता!

ॲक्च्युएटरवर संशय असेलच, तर नळ्या काढून त्याला हातपंप लावा. १५ ते २० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम ओढून थांबा. काटा जागचा हलला नाही, तर ॲक्च्युएटर शाबूत. त्याची नळ्या लावायची दोन्ही तोंडं तपासा हं; दिवा हलवणाऱ्या दांड्याभोवतीचं रबर फाटलं असेल तर एकाच तोंडाची चाचणी फसवते.

‘ॲक्सिलरेटर दाबला की दिवे दगा देतात.’ पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ संपतो, हे खरं. टाकी आणि चेक व्हॉल्व्ह त्याचसाठी तर आहेत. दिवे तेव्हाच ढिले पडत असतील, तर आधी तो छोटासा व्हॉल्व्ह बघा.

‘मोटरी बसवल्या की कटकट मिटली.’ याआधीच्या, १९६३ ते १९६७ च्या कॉर्व्हेटला मोटरीच होत्या. १९८४ पासून पुन्हा मोटरी आल्या, आणि त्यातल्या पुढच्या काही वर्षांच्या गाड्यांत गिअरमधल्या प्लास्टिकच्या गुटक्यांचा भुगा होतो. मोटर घरघरते, दिवा ढिम्म.

सल्ल्यात एक गोष्ट मात्र रास्त: पन्नास वर्षांचं रबर बदलायलाच हवं. फक्त एकेक नळी काढा, तिथेच नवी लावा आणि मगच पुढची सोडा. सगळ्या एकदम उपटल्या आणि दोन उलट जोडल्या गेल्या, तर दिवे लावताच पापणी मिटते.