आधी सांभाळणारा माणूस नेमा

सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना जगभरची शोध-नियतकालिकं वाचायला मिळावीत म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली, तेव्हापासून मुंबईतल्या माझ्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींशी बोलताना तोच वाद निघतो. तीन वर्षं, ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. काहींच्या मते ही परदेशी प्रकाशकांची चंगळ आहे. बाकीचे म्हणतात, जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातली मुलगी निदान मूळ शोधनिबंध तरी वाचू शकेल. मी या मुलीच्या बाजूची आहे. पण दोन्हीकडचं ऐकताना एक गोष्ट मला सतत टोचते. जगाचं संशोधन वाचायला आपण पैसे काढले. आपल्याकडे जे मोजलं जातं ते कोण सांभाळतंय, हे या वादात कुणीच विचारत नाही.

मी भूविज्ञान मुंबईत शिकले. आता जर्मनीत ब्रेमेनला पृथ्वीविज्ञानाचा डेटा सांभाळते. घरचे अजून विचारतात, ‘म्हणजे संशोधन सोडलंस का गं?’ नाही सोडलं. संशोधकाकडून समुद्रतळाच्या गाळाच्या मोजमापांचा तक्ता येतो आणि माझे प्रश्न सुरू होतात. खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून धरली की तळापासून? उपकरण शेवटचं कधी तपासलं होतं? रकान्यातलं शून्य मोजून आलेलं आहे, की मोजलंच नाही म्हणून घातलंय? अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात पाडलेलं छिद्र थेट नॉर्वेच्या उत्तर भागात जाऊन बसतं. असं काही खटकायला भूविज्ञान यावं लागतं, नुसता संगणक येऊन भागत नाही.

या कामाचा जगातला एक उत्तम नमुना मुंबईतच आहे. कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर झळाळी दिसली आणि दुसऱ्या दिवशी चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन आदळलं. कुलाब्याचे निरीक्षक एरवी तासातासाने नोंद घेत. वादळात त्यांनी १५ आणि ५ मिनिटांच्या अंतराने घेतली. क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) उतरलं होतं. ते आकडे वहीत राहिले, छापले गेले, जपले गेले. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता काढली. विषुववृत्ताच्या इतक्या जवळून, इतक्या बारकाईने त्या वादळाची नोंद क्वचितच कुठे झाली. आज उपग्रहांना आणि वीजजाळ्याला सौरवादळाचा धोका किती, याचा हिशेब मांडताना जग कुलाब्याच्या त्या वहीकडे जातं.

विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडतात, म्हणून मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. मला सर्वात जास्त आदर वाटतो तो पुढच्या निर्णयाचा. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस. १८४६ ते १९०५ च्या नोंदी त्यांनी १९१० मध्ये छापून काढल्या. दोन वर्षं दोन ठिकाणी तेच काम, कशासाठी? पुढे येणाऱ्या कुणाचा तरी हिशेब चुकू नये म्हणून.

इथे जर्मनीत २०२० पासून भूवैज्ञानिक डेटाचा कायदा आहे. जमिनीत बोअर घेणाऱ्याने आधी कळवायचं आणि नोंदी राज्याच्या भूवैज्ञानिक सेवेकडे द्यायच्या. व्यावसायिक कामाच्या नोंदीही काही वर्षांनी खुल्या होतात. आपल्याकडे मुंबईत मेट्रो ३ चा आरे ते कफ परेड असा ३३.५ किलोमीटरचा मार्ग जवळजवळ सगळा जमिनीखालून गेला. असा बोगदा बोअर घेतल्याशिवाय खणताच येत नाही. दादर-माहीमखाली भराव कुठे संपतो आणि बेसॉल्टचा खडक कुठे लागतो, हे त्या नोंदींत आहे, आणि पुढची प्रत्येक इमारत, प्रत्येक गटार बांधताना ते लागणार आहे. २०१५ च्या समुद्रतळाला छिद्रं पाडण्याच्या मोहिमेत लक्ष्मी खोऱ्यातून काढलेला गाळ जपानमध्ये कोची इथे ठेवलाय आणि त्याची मोजमापं मी ब्रेमेनमध्ये बसून उघडते. दादरखालच्या खडकाची मोजमापं मला तशी कुठे उघडता येत नाहीत.

म्हणून इकडचं सगळं छान असं मी म्हणणार नाही. संशोधन डेटाच्या राष्ट्रीय व्यवस्थेवर जर्मनी वर्षाला ९ कोटी युरोपर्यंत खर्च करते, तरी ती सांभाळणारे कितीतरी जण मुदतीच्या करारावर आहेत. प्रकल्प संपला की माणूस जातो आणि त्याच्याबरोबर त्या डेटाची समजही जाते. माझ्या शेजारच्या टेबलावर हे घडताना मी पाहिलंय. आपण नक्कल करायची तर कायद्याची करावी, या कराराची नको.

डिसेंबर २०२३ मध्ये भारतात राष्ट्रीय भूविज्ञान डेटा संग्रह सुरू झाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. खनिजांच्या शोधाचा डेटा तिथे येतोय. शहरांखालच्या बोअरच्या नोंदीही यायला हव्यात. आणि त्यासाठी पदं हवीत, कायमची. पात्रता भूविज्ञानातली एम.एस्सी., आणि बढतीच्या वेळी नीट तपासून जमा केलेला डेटासंच शोधनिबंधाच्या बरोबरीने धरला जावा. ६,००० कोटींचा एक टक्का म्हणजे ६० कोटी, त्यात अशी किती माणसं वर्षानुवर्षं टिकतील ते पाहा. ती परदेशातून बोलवायची गरज नाही. माझ्या वर्गातल्या उत्तम भूवैज्ञानिक मुली आज मुंबईत कोचिंग क्लासमध्ये शिकवताहेत. जाहिरात निघाली तर उद्या रुजू होतील.